रापणीची दोरी

दाजी तांडेल यांनी तारुण्याची सारी वर्षे गोव्यातील एका क्लबची बचावफळी सांभाळण्यात वेचली. दुखऱ्या गुडघ्यानिशी खेळत राहिल्याने तो गुडघा कायमचा अधू झाला, तेव्हा ते आपल्या रेडी गावी परतले आणि मच्छीमारांच्या मुलांना फुटबॉल शिकवू लागले.

त्यांची रीत निराळी होती. ओल्या वाळूत चार बचावपटूंच्या हाती रापण, म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायचे मोठे जाळे, ओढण्याची जुनी दोरी द्यायची आणि चौघांना एका रेषेत मागेपुढे चालवायचे. कोणी उतावीळ झाला की दोरी ताणे, कोणी रेंगाळला की सैल पडे. उपदेश एकच: "मेलास तरी दोरी सोडूची नाय."

२००६ साली बांद्याच्या मैदानावर अंतिम सामना होता. दाजींच्या जुन्या क्लबचे प्रशिक्षक केवळ दाजींच्या बचावफळीतल्या निकेतला पाहण्यासाठी आले होते. दाजींच्या हातचा एकही खेळाडू आजवर तिथवर पोहोचला नव्हता. आणि पूर्वार्धातच निकेतचा गुडघा पिरगळला.

मध्यंतरात दाजींनी सुजेवर अंगठा दाबला. ती मऊ सूज त्यांच्या ओळखीची होती.

"दुखता?"

"नाय."

"खरा सांग."

"दाजीनू, दोरी हातात आसा."

दाजींनी पाहुण्या प्रशिक्षकांकडे पाहिले आणि निकेतच्या गुडघ्यावर पट्टी आवळली. शिट्टी झाली तसा निकेत पुन्हा मैदानात उतरला.

तो पाय ओढीत होता. तरी रेषा तुटली नाही, कारण उरलेले तिघे त्याच्यासाठी हळू धावत होते. प्रेक्षकांतून कोणी म्हणाले, "गुरू लंगडो, चेलो पण लंगडो." हशा पिकला. दाजींनी बदली खेळाडू बाबलीला उभे केले आणि निकेतला हाक मारली, "भायर ये." त्याने मान हलवून नकार दिला. पुन्हा हाक, पुन्हा नकार. स्वतःच घातलेली गाठ आता दाजींना सुटत नव्हती.

मग त्यांना रापण आठवली. ओढणाऱ्याचे हात गळाले की मागून कोणीतरी येतो, दोन्ही तळवे पुढे करतो. दमलेला त्याच्या हाती दोरी देतो आणि बाजूला होतो. त्याने दोरी सोडली, असे कोणी म्हणत नाही.

दाजी खुरडत मैदानाच्या सीमारेषेपाशी गेले. दोन्ही तळवे पुढे केले.

"निकेत, सोडू नको. माका दी."

निकेत क्षणभर थबकला. चेंडू बाहेर गेला, तसा तो लंगडत आला आणि आपल्या रिकाम्या मुठी त्याने दाजींच्या तळव्यांवर ठेवल्या. बाबली आत धावला.

सामना चालूच होता. पाहुणे मात्र उठले आणि हमरस्त्याकडेला उभ्या असलेल्या आपल्या गाडीकडे निघाले. निकेत त्यांच्या पाठीकडे पाहत होता.

"दाजीनू, आता मिया काय धरू?"

 दाजी आपला अधू पाय लांब करून त्याच्याशेजारी गवतावर बसले आणि त्याच्या गुडघ्यावर बर्फ धरून राहिले.