सात नंबरचा मान

शीतल रोज सौंसरहून बसने पांढुर्ण्याला यायची आणि कचेरीत कुणी काहीही सांगितलं तरी 'हो जी' म्हणायची. नोकरी कंत्राटी होती. तिला पक्कं करायचं की घरी पाठवायचं, हे मुख्य कचेरीतले भोपाळवाले शुक्रवारी दुपारी व्हिडिओवर मुलाखत घेऊन ठरवणार होते.

पंचाईत एवढीच, की कचेरीत व्हिडिओ चालत नसे. साहेबांची मीटिंग सुरू झाली की भोपाळचे अधिकारी तोंड उघडं ठेवून गोठत. ते आपल्या बोलण्याने थक्क झालेत, अशी साहेबांची बरेच दिवस समजूत होती. ती एकदाची फिटली, तेव्हा हुकूम निघाला, "शीतल, या इंटरनेटले शिस्त लाव!"

शिस्तीची सोय स्विचमध्ये होती. सगळ्या कम्प्युटरांच्या तारा त्या डब्यात येत आणि आत रांगा होत्या. शून्य नंबर तळाचा, सात नंबर सगळ्यांत वरचा. वरच्या रांगेला वाटा मोठा, तळाच्या रांगेला लहान, पण उपाशी कुणीच नाही. बोलण्याचा आवाज वर, चित्र त्याखाली, फायली त्याखाली आणि कुणाच्या तरी भाच्याच्या हळदीचे व्हिडिओ तळाला, असा शीतलचा बेत होता. चूक एकच झाली. समजावताना तिने लग्नाच्या पंगतीचा दाखला दिला.

"मंग मी कोन्या पंगतीत?" बडेबाबू सुरेश यांनी चष्मा काढला.

"बाबूजी, पंगत माणसाची नाही, कामाची आहे."

"काम का टेबल करते? माह्ये पिकले केस पाह्य अन् नंबर लाव."

बाबूजींना सात नंबर मिळाला. लगेच आवक-जावकच्या उर्मिलाताई येऊन उभ्या राहिल्या. "बाबूजी सातात अन् मी पाचात? माह्या पोरीच्या लग्नात याईले पयल्या पंगतीत बसवलं होतं म्या! इसरले काय?"

त्याही सातात गेल्या. संध्याकाळपर्यंत सगळी कचेरी सातात होती. शेवटी चपराशी नत्थूजी आले.

"काकाजी, तुमच्याजवळ कम्प्युटर कुठे आहे?"

"कम्प्युटर नाई, पन मान तं हाये ना?"

शीतलने त्यांच्या स्टुलामागच्या भिंतीतल्या रिकाम्या सॉकेटला सात नंबर दिला. नत्थूजींनी त्याच्यावरची धूळ पुसली.

हे कळल्यावर साहेब रुसले. "चपराशी सातात, तं मले आठ दे."

"सर, सातच्या वर काही नसतंच."

"आजवर कोनी मांगितलंच नसन!" म्हणत साहेबांनी आठव्या नंबरच्या मंजुरीचा प्रस्ताव भोपाळला धाडला. मंजुरी येईपर्यंत कुणी कुणाचा मान खाली करू नये म्हणून स्विचचा पासवर्ड बदलून आपल्याकडे ठेवला.

शुक्रवार उजाडला. सगळे पहिल्या पंगतीत बसल्यामुळे कुणाचीच फाईल उघडत नव्हती, पण रुसलेलंही कुणी नव्हतं. मुलाखतीला बसताना शीतलच्या लक्षात आलं, की सगळ्यांना मान वाटता वाटता आपला कम्प्युटर शून्यातच राहिला. पासवर्ड साहेबांजवळ आणि साहेब कुणाच्या तरी साक्षगंधाला मोहगावला. आता पक्की नोकरी गेलीच, असं समजून तिने बटण दाबलं.

चित्र इतकं लख्ख आलं, की भोपाळच्या मॅडमच्या चहावरची साय दिसली. सातात झोंबाझोंबी चालू होती. शून्यात ती एकटी होती, वाटा लहान पण पूर्ण तिचा.

"तुमच्या कचेरीतून आज पहिल्यांदा माणसाचा आवाज येतोय," मॅडम म्हणाल्या. "काय केलं तुम्ही?"

"सगळ्यांना पहिला मान दिला, मॅडम."

पलीकडे सगळ्यांच्या माना खाली गेल्या आणि तशाच राहिल्या. चित्र गोठलं, असं शीतलला वाटलं. पण ते गोठले नव्हते, लिहून घेत होते.

सोमवारी ती आली, तर तिच्या टेबलाभोवती गर्दी. शून्याचं गुपित फुटलं होतं.

"काहून वं, आमाले सातात कोंबून सोता मजा करून राहिली?" उर्मिलाताई कडाडल्या. "मले आत्ताच्या आत्ता शून्यात टाक!"

"पयले मले," बडेबाबू म्हणाले. "मी सीनियर हावो."

शीतलने पर्समधून बिस्किटाचा पुडा काढला, एक बिस्कीट शांतपणे खाल्लं आणि स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाली, "अर्ज ठेवून जा. उद्या या."

बडेबाबूंनी अदबीने दोन पावलं मागे घेतली आणि नत्थूजींच्या कानाशी कुजबुजले,

"ऑर्डर आली वाटते हिची."