त्या दिवशी माझ्यात पाणी नव्हतं

मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी जळका आहे, दुसऱ्याचं कौतुक मला बघवत नाही. माझी गोष्ट ऐकून कुणाला दया आली तर ती त्याने हरिहरकाकांसाठी ठेवावी, माझ्यावर वाया घालवू नये.

उल्हासनगरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मला घडवलं. स्टीलचा पत्रा दाबून पोट केलं, गळा काढला, तोंडाला आटे पाडले, वर फिरकीचं झाकण बसवलं. शहाडच्या कारखान्यात कामाला असलेल्या धोंडीबांनी मला बायकोसाठी घेतलं आणि दुकानातच मशीनने ठिपक्याठिपक्यांनी माझ्या पोटावर नाव घालून घेतलं, 'सौ. मालन'.

ते दिवस माझे होते. विठ्ठलवाडीहून गावी जाताना एसटीत मी मालनबाईंच्या मांडीवर बसायचो. मागच्या सीटवरून कुणी ना कुणी हात पुढे करायचंच. "ओ ताई, जरा पाणी." मालनबाई कधी नाही म्हणाल्या नाहीत. "पाण्याला नाही म्हणू नये," असं त्या घरात सगळ्यांना सांगायच्या. लोक मला तोंड न लावता वरून पाणी प्यायचे आणि मी मिरवायचो. पुढे नातू झाला, सर्वेश. तो मला दोन्ही हातांनी धरून प्यायचा, अर्धं पाणी अंगावर सांडायचा. तो माझाच आहे, असं मी धरून चाललो होतो.

मग सर्वेश इंजिनियरिंगला गेला आणि घरात एक काळी बाटली आली. बटण दाबलं की टपकन उघडणारी. ती त्याच्या बॅगेला लटकून कॉलेजात जायची. माझे आटे झिजलेले, झाकणातून थेंब गळायचा. मला माळ्यावर टाकलं, बंद पडलेल्या मिक्सरशेजारी.

पण काळ्या बाटलीपेक्षाही मी जास्त जळलो ते कोल्ड्रिंकच्या प्लास्टिकच्या बाटलीवर. सर्वेशच्या टोळीची एक रीतच पडली होती. कॉलेजचा कुठलाही डे असो, कुणाचा वाढदिवस असो, गरबा असो, जायच्या आधी सर्वेशच्या घरी जमायचं. त्याची आई विनिता कामावर, मालनबाई भजनाला. भावेश, वर्षाली आणि सर्वेश त्या बाटलीत दारू मिसळायचे आणि ती तिघांत फिरवायचे.

"तिकडे नुसतं कसं जायचं?" वर्षाली म्हणायची. "मला तर कोरडं नाचताच येत नाही यार, लाज वाटते."

संध्याकाळी कचऱ्यात जाणारी ती फुटकळ बाटली! पण तासभर तिघं तिला कशी धरायची, एकमेकांच्या हातातून ओढून घ्यायची. मी माळ्यावरून बघायचो आणि मनात म्हणायचो, देवा, एकदा मला.

वाईट मागणं देव लवकर ऐकतो बहुतेक. ऑक्टोबरात कॉलेजचा ट्रॅडिशनल डे आला, ठाण्याच्या एका हॉलमध्ये. दुपारी तिघं नटूनथटून घरी जमले.

"सगळ्या बाटल्या गेटवर काढून घेतायत," भावेश म्हणाला. "हुंगून बघतात, साले."

"मग इथेच संपवू," वर्षाली म्हणाली.

"ठाणं येईपर्यंत उतरते गं. आत थोडी तरी पाहिजे."

सर्वेशने मान वर केली आणि त्याला मी दिसलो. "आजीचा तांब्या! धोतर, फेटा, हातात तांब्या. कोण उघडून बघणार?"

"डबा टाकायला निघाल्यासारखा दिसशील!" वर्षाली हसून हसून खाली बसली.

"बाजूला व्हा, साहेबांचं टमरेल येतंय!" भावेश ओरडला.

मित्रांनो, हा अपमान मी गिळला. सर्वेशचे हात लागले एवढ्यावर मी खूश होतो. त्यांनी माझ्यात पांढरी दारू ओतली, वर थोडं पाणी. दिसायला सगळं पाणीच. आणि आता माझा गुन्हा ऐका. मी गळका आहे. एक थेंब त्याच्या धोतरावर पडला असता तरी वास सुटला असता, गेटवरच सगळं उघडं पडलं असतं. पण गळलो तर पुन्हा माळा. मी अंगातली सगळी ताकद लावून झाकण आवळून धरलं. निघताना खुंटीवरच्या काळ्या बाटलीकडे असा काही बघितलं की विचारू नका.

हॉलच्या गेटवर कॉलेजचे वॉचमन हरिहरकाका होते. साठीचा माणूस, युनिफॉर्मच्या कॉलरमधून तुळशीची माळ दिसत होती. माळ घातली म्हणजे दारूला शिवायचं नाही, ही त्यांची शपथ. सकाळपासून उन्हात उभे होते. त्यांनी तिघांच्या बॅगा बघितल्या आणि मग मला बघून हसले.

"अरे वा, फिरकीचा तांब्या! माझ्या आईकडे होता असा." त्यांनी मला हातात घेतलं, उघडलं नाही. "माझं पाणी संपलंय रे बाळा. घोटभर देतोस?"

भावेश मध्ये पडला. "काका, गरम झालंय हो ते."

"गरम तर गरम. पाणीच ना?"

सर्वेशला खरं सांगायचं धाडस झालं नाही आणि पाण्याला नाही म्हणायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तो म्हणाला, "घ्या काका."

काकांनी मान मागे टाकली, मला वीतभर वर धरलं आणि गळा उघडला. असं वरून पिताना जिभेला चव कळेपर्यंत घोट आत गेलेला असतो. दोन घोट गेले. मग ठसका. काका थुंकले, घशात बोटं घातली, काही बाहेर पडेना. त्यांचा हात माळेवर गेला आणि तिथेच राहिला.

कॉलेजचे संदेश सर धावत आले. त्यांना वास आला. "काका, ड्यूटीवर? आणि गळ्यात माळ?"

"मी पाणी मागितलं होतं, सर."

"कुणाकडे?"

काकांनी सर्वेशकडे बघितलं. सर्वेश स्वतःच्या कोल्हापुरीकडे बघत होता. सरांनी मला फिरवून नाव वाचलं. "सौ. मालन. बायकोचा तांब्या घरून भरून आणलात होय?"

वीस वर्षांच्या पोराचा असला तांब्या असेल, हे कुणाच्या डोक्यात येणार? माझ्या ज्या म्हातारेपणामुळे पोरं सुटली, त्याच म्हातारेपणाने काका अडकले. सरांनी कामावरून काढलं तेव्हा त्यांनी टोपी खुर्चीवर ठेवली आणि ते चालू लागले. पोरं आत नाचायला गेली.

चार दिवस मी सरांच्या कपाटात होतो. तिकडे घरी, हे मला नंतर कळलं, मालनबाईंनी मला शोधलं. सर्वेश म्हणाला, हरवला. त्या म्हणाल्या, "जाऊ दे. कुणाला सापडला असेल तर त्याची तहान तरी भागेल." पाचव्या दिवशी सर्वेश सरांसमोर येऊन उभा राहिला.

"तांब्या माझा आहे, सर. दारू माझी होती. काकांना मी दिली."

माझा आहे! हे ऐकायला मी किती वर्षं जळलो होतो. आणि ऐकलं ते हे असं.

सहा महिने त्याला कॉलेजबाहेर काढलं. मालनबाईंनी मला सोड्याने तीन वेळा घासलं, पाणी भरलं आणि नातवाला घेऊन शहाडला काकांच्या खोलीवर गेल्या. काकांच्या बायकोने, जनीकाकूंनी दार उघडलं. सर्वेश पायांवर वाकला.

"सरांचा फोन आलेला," काका म्हणाले. "उद्यापासून ये म्हणाले." त्यांचा गळा रिकामा होता.

"माळ?" मालनबाईंनी विचारलं.

"काढून ठेवलीय. नोकरी सरांनी परत दिली. ही कुणी द्यायची?"

"नकळत झालं ते, मी सांगून थकले," जनीकाकू म्हणाल्या. "ऐकतात कुठे!"

मालनबाईंनी मला पुढे केलं. "भाऊ, पाणी आहे. मी स्वतः भरलंय."

काका नुकतेच बाहेरून आले होते. शर्ट घामाने भिजलेला, ओठ सुकलेले. त्यांनी मला घेतलं, झाकण काढलं आणि नाकाजवळ नेलं. पाणी हुंगलं त्यांनी, मित्रांनो. मग मला खाली ठेवलं.

"राहू दे, ताई. तहान नाही."

मला जपा, असं मी सांगणार नाही. मी त्या लायकीचा राहिलो नाही. पण तुम्ही मोठे व्हाल, कुठेतरी जायच्या आधी कुणाच्या तरी घरी जमाल आणि कुणीतरी म्हणेल, नुसतं कसं जायचं? नुसतंच जा. वाईट नाचाल, नाचा. लाज वाटेल, वाटू द्या. वाटेत कुणी पाणी मागेल, तेव्हा तुमच्या हातात पाणीच असू द्या.