न पुजलेला पाना

मी एक जुना पाना आहे, मित्रांनो, ट्रकचे नट आवळणारा. लोखंड तापवून, ठोकून मला घडवले तेव्हा मी नुसता चकचकत होतो. ट्रकचालक जयसिंगने मला विकत घेतले आणि पहिली दोन वर्षे रोज पुसले. मग सीटखाली टाकून तो मला विसरलाच. मला गंज चढला आणि मी रुसून बसलो.

गेल्या खंडेनवमीला चाकणजवळ ट्रकच्या शाफ्टचे नट ढिले पडले. ट्रक कसाबसा ज्योतीराम मिस्त्रींच्या गॅरेजपुढे येऊन थांबला. आत पाटावर त्यांची सारी हत्यारे मांडली होती, हळदकुंकू लावलेली, झेंडूची फुले वाहिलेली. पुजलेले हत्यार दसरा उजाडेपर्यंत उचलायचे नाही, ही तिथली रीत.

"मिस्त्री, उद्या लातूरला लेकीचं बारसं आहे. तिचं तोंड बी पाहिलं नाही अजून," जयसिंग म्हणाला. पण त्याने हट्ट धरला नाही. त्याच्याही घरी आज विळे-खुरपी पुजलेली असणार.

मिस्त्री नुसतेच हात चोळत उभे राहिले. तेवढ्यात त्यांच्या पत्नी जाईबाई म्हणाल्या, "आवो, आपली हत्यारं पुजलीत. यांच्या गाडीतली कुठं पुजलीत? त्यांच्याकडं पाना न्हाई का?"

"व्हय की!" म्हणत जयसिंग सीटखाली वाकला.

तेव्हा कुठे माझी आठवण झाली! गंजलेल्या अंगाची मला लाज वाटली, पण मी एकही नट ढिला सोडला नाही. मग जाईबाईंनी जयसिंगला जेवू घातले आणि मायेच्या भरात मलाही धुऊन पाटावर ठेवले, कुंकू लावले. लावले आणि जीभ चावली. आता मीही उद्यापर्यंत हलणार नव्हतो!

जयसिंग हसला. "राहू द्या, मावशी. लेकीला घेऊन येतो, तेव्हा नेतो."

ट्रक गेला. मला रडूच आले. सीटखालचा पाना विसरणारा इथला काय आठवणार? मिस्त्री मात्र दसऱ्यापासून मला रोज पुसत, तेलाचा हात फिरवत.

यंदाच्या खंडेनवमीला जयसिंग खरेच आला, कडेवर वर्षाची लेक घेऊन. पूजा व्हायच्या आधीच तिने मला घट्ट धरले. गंज लागला असेल म्हणून जयसिंगने घाईने तिची मूठ उघडली. हाताला नुसते तेल होते. मग खांद्यावरचा पंचा काढून त्याने आधी लेकीचा हात पुसला, आणि नंतर मला.

मित्रांनो, वर्षातून एकदा फुले वाहता, ती आम्हाला आवडतातच. पण रोज एकदा फडके फिरवाल ना?