जित्या माणसाची डोली

मित्रांनो, मी एक जुनी डोली आहे. झालरी लावून नवरीला नेणारी ती मी नव्हे. मी आजाऱ्यांची डोली. एक लांब बांबू आणि त्याला दोन्ही टोकांना आवळून बांधलेली काळी घोंगडी, एवढाच माझा संसार. पानशेतच्या धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरात आमची वाडी आहे. तिथवर गाडी येत नाही. कुणी आजारी पडलं, कुणाचे दिवस भरले, की त्याला घोंगडीत निजवायचं, बांबू खांद्यावर घ्यायचा आणि पायवाटेनं खालचा डांबरी रस्ता गाठायचा, ही आमची रीत.

मला धनाजीनं बांधलं. बेटातला बांबू त्यानंच निवडला, वाहणाऱ्याच्या खांद्याला बोचू नये म्हणून पेर न् पेर तासून गुळगुळीत केलं. घोंगडी त्याच्या आईची, साळूबाईची. दसऱ्याला विळ्याकोयत्यांबरोबर मलाही हळदकुंकू लागे. एरवी मी गोठ्याच्या आढ्याला टांगलेली असे. कोंबड्या खुशाल माझ्यावर बसत आणि कुणाला त्याचं काही वाटत नसे. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय!

पण एक गोष्ट मला माणसांपेक्षा जास्त कळते. माणूस तोंडानं हवं ते बोलेल, खांदा मात्र खोटं बोलत नाही. घाबरलेला खांदा बांबूखाली थरथरतो. धनाजीचा कधी थरथरला नाही. पुढच्या टोकाला नेहमी तो आणि मागच्या टोकाला शेजारचे कुंडलिकअण्णा. अर्ध्याअधिक वाडीला या दोघांनी वाहून नेलं असेल.

मग करोनाचा दुसरा उन्हाळा आला. खालच्या आळीतल्या एका म्हाताऱ्याला मी रस्त्यापर्यंत पोहोचवलं, तो परत आलाच नाही. त्याची मातीसुद्धा वाडीच्या हाताला लागली नाही. तेव्हापासून वाडी हबकली. डोलीला हात लावला की रोग अंगाला चिकटतो, असं कुणीतरी उठवलं. मला काठीनं ढकलत ढकलत वेशीबाहेर करंजाखाली टाकलं. जाळून टाका, असंही ठरलं होतं; पण जाळायला तरी कुणीतरी जवळ यायला हवं ना? म्हणून वाचले.

आणि एके दिवशी धनाजीच तापानं पडला. दोन-चार दिवसांत त्याला धाप लागली. त्याची बायको सुलक्षणा दारोदार फिरली, पण दारं आतून लागत गेली. शेवटी तिनं नूतनताईंना फोन लावला.

नूतनताई म्हणजे उपकेंद्राच्या नर्सबाई. नसरापूरच्या, ख्रिस्ती घरातल्या. भर दुपारी चढण चढून त्या आल्या. धनाजीच्या बोटाला यंत्र लावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. खाली अँब्युलन्स बोलावली होती, पण चालकानं बजावलं होतं, दुसरीकडूनही बोलावणं आहे, फार वेळ थांबणार नाही. आता धनाजीला खाली न्यायचं कुणी?

"अण्णा, तुम्ही तरी चला," त्या कुंडलिकअण्णांच्या अंगणात उभं राहून म्हणाल्या.

अण्णा उंबऱ्याच्या आतच उभे. "बाई, घरात बारकी नातवंडं हायत. पाया पडतो तुमच्या, मला न्हाई जमायचं."

वेशीलगतच्या त्या अंगणातलं बोलणं करंजाखाली मला ऐकू आलं; खोटं कशाला सांगू, तेव्हा मला अण्णांचा फार राग आला.

नूतनताई एकट्याच वेशीबाहेर आल्या, माझ्याजवळ उकिडव्या बसल्या आणि बांबूवर हात ठेवला. मित्रांनो, तो हात इतका कापत होता की माझी घोंगडी हलली. त्यांच्या सासूबाई याच तापानं नुकत्याच गेल्या होत्या. घरी लहान लेक होती. हे मला त्यांच्या प्रार्थनेतूनच कळलं. डोळे मिटून त्या हळू आवाजात बोलत होत्या, समोर कुणी बसलं असावं तशा.

"प्रभू येशू, मला फार भीती वाटतेय. तुझ्यापासून काय लपवू? लस घेतलीय, हे मास्क, हे हातमोजे, सगळं आहे माझ्याकडे, पण पाय उचलत नाहीत. आई गेल्या तेव्हा मला त्यांच्याजवळ जाता आलं नाही. इथं मी जवळ आहे. तू कुष्ठरोग्यांना हात लावायचास ना, मग माझा हात धर. भीती गेली तर बरंच, नाही गेली तरी मला चालव. माझ्या लेकीला तुझ्या पदरात घातलंय. आमेन."

आकाशातून वीज चमकली नाही की काही नाही. पण त्या उठल्या. हाताचा कंप गेला नव्हता, पकड मात्र घट्ट झाली होती.

त्यांनी मला दारात आणलं. सुलक्षणाच्या तोंडाला मास्क बांधला, हातमोजे दिले. "देवावर भरवसा आहे म्हणून साबण सोडायचा नसतो," त्या म्हणाल्या. धनाजीला घोंगडीत निजवलं. पुढं सुलक्षणा, मागं नूतनताई. आमच्या वाडीत बायका कधी खांदा देत नाहीत. दारांच्या फटींतून सगळी वाडी बघत होती.

उतार सुरू झाला. धनाजीचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. नूतनताई पावलागणिक पुटपुटत होत्या, "प्रभू, एवढं पाऊल."

"ताई, तुमच्या देवाला माज्या बी नावानं सांगा," सुलक्षणा हुंदका गिळून म्हणाली.

"सांगितलंय. तुम्ही वाट बघून पाय टाका."

कातळाच्या घसरणीवर सुलक्षणाचा पाय सटकला. बांबू कलला आणि धनाजी घोंगडीच्या कडेला आला. खाली खोल दरी! नूतनताईंनी गुडघा खडकावर आपटून कसंबसं मला तोलून धरलं. तेवढ्यात वरून आरोळी आली.

"आरं, पाय फुडं घातल्यात त्याचं! जित्या माणसाला आसं न्हेत्यात व्हय? फिरवा त्याला, फिरवा!"

कुंडलिकअण्णा वेशीपर्यंत आले होते. आमच्याकडे पाय पुढं करून नेतात ते मेलेल्याला. घाईत दोघींच्या ते ध्यानातच आलं नव्हतं.

"डोकं उताराकडं केलं तर त्यांचा श्वास कोंडेल!" नूतनताई ओरडल्या. "पुढचं टोक उंच धरायला माणूस हवाय, अण्णा. फिरवायचं असेल तर इथं या!"

अण्णा घुटमळले. एकदा घराकडं बघितलं, एकदा धनाजीच्या पायांकडं. मग टॉवेल तोंडाला गुंडाळत धावत सुटले. त्यांच्यामागून त्यांचा पुतण्या गेनूही आला. दोघांना मास्क मिळाले. धनाजीला फिरवलं. अण्णा उंचेपुरे, पुढचं टोक त्यांनी आणि गेनूनं खांद्यावर घेतलं, मागचं दोघींनी हातांत खाली धरलं. डोकं वरच राहिलं.

अण्णांचा खांदा थरथरत होता. चालता चालता त्यांनी विचारलं, "बाई, तुमाला भ्या न्हाई वाटत?"

"लई वाटतं, अण्णा. पण मी एकटी नाही चालत. तो माझ्याबरोबर आहे, एवढं मला ठाऊक आहे."

अण्णांनी बांबू खांद्यावर नीट सरकवून घेतला. पावलं भराभर पडू लागली.

रस्त्यावर पोहोचलो तेव्हा चालक गाडी सुरू करत होता. नूतनताईंनी हात करून त्याला थांबवलं. मला खाली टेकवलं. धनाजीनं डोळे किलकिले केले, हातानं बांबू चाचपला.

"खांद्याला... कोन हाय?"

"म्या हाय. कुंडलिक."

"आन्... नातवंडं?"

अण्णांनी घोंगडीची कड त्याच्या अंगावर सारखी केली. "ती तुजी बी हायतच की. तू फकस्त म्हागारी ये."

धनाजी परत आला, मित्रांनो. वाळून काटकी झाला होता, पण चढण स्वतःच्या पायांनी चढला. ताईंच्या सांगण्यावरून अण्णा आणि गेनू दोन आठवडे शाळेच्या खोलीत वेगळे राहिले होते. जेवण दाराशी ठेवायला तीच वाडी जात होती, जिनं दारं लावली होती.

आता मी पुन्हा आढ्याला आहे. रस्त्याची मोजणी झाली म्हणतात. रस्ता झाला की मला खुशाल चुलीत घाला, मी रुसणार नाही. तोवर मला वाळवीपासून तेवढं जपा. आणि पुन्हा कधी साथ आली, तर तोंड बांधा, हात धुवा, अंतर ठेवा. भ्यायलाही हरकत नाही. फक्त दाराला कडी घालण्याआधी बघा, आजाऱ्याच्या उशाशी कुणी आहे ना. नसेल, तर भीत भीत का होईना, तुम्ही या.