ओळखीची ओळ

२००६ साली रक्षाने बटणांच्या मोबाईलसाठी फवारणीत पाण्याला औषध किती, हे माप सांगणारा प्रोग्राम लिहिला. कुणीतरी तो उघडून आतलं माप बदललं, स्वतःच्या नावाने विकला, आणि त्या मापाने औषध मारताना नालवाडीचा एक फवारणारा कपाशीतच कोसळला. मग तिने नवा प्रोग्राम लिहिला. त्याच्या आतली सगळी नावं तिने बदलली. जिथे पाणी होतं तिथे ए, जिथे औषध होतं तिथे बी. चोराला काही उमगू नये, म्हणून.

"ताई, आता तुले तरी समजते का?" धाकटा भाऊ मुकेश हसला. "चोर बनून पाह्य ना!"

तिने आपलाच प्रोग्राम मोबाईलमधून काढून उघडला. आत अनोळखी अक्षरांचं रान. तिला हायसं वाटलं. मग एक ओळ दिसली. ती पडद्यावर दिसायची, म्हणून तशीच राहिलेली: 'तोंडाला फडकं बांधा, दादा.' तिनेच मायेने लिहिलेली. आणि त्या ओळीला बिलगून मापाचा आकडा उघडा पडला होता. चोराला तो शोधायला ही एक ओळखीची ओळ पुरे होती.

"मुकेश, सेलूच्या मोबाईलच्या दुकानात फोन कर. हा प्रोग्राम कोणाले देऊ नका म्हन."

"काऊन? सकाळपासून देऊन राह्यले ना ते!"

रक्षाने पुन्हा त्या ओळीवर बोट ठेवलं. ओळ खोडता आली असती. पण सकाळपासून प्रोग्राम गेलेले मोबाईल आता कुणाकुणाच्या खिशात शोधायचे?