लिंबाचा डाग

दर रविवारी सकाळी घड्याळजीच्या दुकानात चार माणसं आपापले खिसे रिकामे करत. शटर अर्धं खाली, टेबलावर हिरवी बनात अंथरलेली, आणि तिच्यावर एकेक ऐवज निघे: रुमाल, किल्ल्या, पेन्सिलीचं थोटूक, आणि सगळ्यात शेवटी, मानाने, घडीचा चाकू. बटण दाबलं की उघडणारे झगमगीत चाकू इथे चालत नसत. मूठ लाकडाची नाहीतर शिंगाची, पातं साध्या पोलादाचं, आणि पात्यावरच्या खाचेत नख घालून उघडायचा, असा जुन्या धाटणीचाच हवा. चौघांतल्या पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरची बायको या मंडळींना खिसेझाडे म्हणायची. हौसेला मोल नसतं हे तिला मान्य होतं, पण चार शहाणी माणसं एका चाकूकडे अर्धा अर्धा तास बघत बसतात हे काही तिच्या पचनी पडत नव्हतं.

मंडळाचे नियम दोनच. आठवडाभरात ज्याने काही काम केलं नसेल तो चाकू टेबलावर यायचा नाही. शोभेची बाहुली घरी ठेवावी. आणि दुसऱ्याच्या हातात चाकू द्यायचा तो मिटवूनच. बघणाऱ्याने स्वतः उघडावा, बघावा आणि मिटवून परत करावा. या दुसऱ्या नियमाबाबत बाइंडर फार कडक होता. नर्सरीवाल्या बाईंनी एकदा, अगदी सुरुवातीला, चाकू उघडाच पुढे केला, तेव्हा त्याने त्यांना पंधरा मिनिटं ऐकवलं होतं.

त्याचा चाकू त्याच्या वस्तादाचा. पुस्तकं बांधायला ज्यांनी शिकवलं, त्या वस्तादांची बोटं म्हातारपणी आखडली आणि एक दिवस चाकू काही केल्या उघडेना. त्यांनी तो तिथल्या तिथे बाइंडरच्या हातावर ठेवला. म्हणाले, "ज्याला उघडतो, त्याचा चाकू." त्या दिवसापासून चाळीस वर्षं चाकू बाइंडरच्या उजव्या खिशात होता आणि ते वाक्य डोक्यात.

तीन महिन्यांपूर्वी पुस्तकं दाबायच्या प्रेसखाली त्याचा उजवा अंगठा सापडला. नख गेलं. नवं आलं ते कांद्याच्या सालीसारखं, खाचेत घातलं की दुमडायचं, आणि अंगठ्यातला जोर तर कुठे गेला कोण जाणे. डाव्या हाताने करून पाहिलं, पण डावा हात जन्मभर नुसता कागद धरायला शिकलेला, आणि चाकूची स्प्रिंग सासऱ्यासारखी ताठ. पकडीने उघडावा तर पात्यावर ओरखडे पडणार, त्यापेक्षा मेलेलं बरं. बाइंडर दातांनी दोरे तोडू लागला. घरात कात्री शोधू लागला. बायकोने विचारलं तर म्हणे, चाकूची धार जपतोय.

अंगठ्याला पट्टी होती तोवर मंडळाने त्याला सूट दिली होती, पण पट्टी सुटल्यावर टेबलावर खरं सांगायची त्याची छाती होईना. सांगितलं तर चाकू हातचा जाणार. वस्तादांचा शब्द होता. आणि चाकू गेला की रविवार गेला. मग त्याने थाप मारली. चाकू मिटलेलाच बनातीवर ठेवला आणि बेधडक सांगितलं, की या आठवड्यात डझनभर लिंबं चिरली. घड्याळजीने चाकू उघडला, डोळ्याला भिंग लावून पातं पाहिलं आणि मिटवून पुढे दिला. नर्सरीवाल्या बाईंनी पाहिलं. वायरमन चौघांत लहान आणि तोंडाने फाटका, त्यानेही पाहिलं. कोणी चकार शब्द काढला नाही. बाइंडरला वाटलं, निभावलं.

पुढच्या रविवारी बाईंनी सफरचंदं आणली. म्हणाल्या, बाइंडर, तुमचाच द्या, त्याची धार काही औरच. त्यांनी एक फोड कापली आणि उरलेलं फळ चाकूसकट त्याच्यासमोर ठेवलं, पुढचं तुम्ही चिरा म्हणाल्या. बाइंडरने मन लावून चिरलं. चाकू हातात चालताना त्याला इतकं बरं वाटलं की बाकीचं काही सुचलंच नाही. त्यानंतर दर रविवारी काही ना काही निघायचंच. कधी पेरू, कधी दोरीने बांधलेला खोका, आणि दर वेळी चाकू त्याचाच लागायचा. आठवड्याचं काम टेबलावरच होऊ लागलं. पुन्हा थाप मारायची वेळ आली नाही.

पाचव्या रविवारी वायरमनने बाइंडरच्या चाकूने आपण आणलेल्या पार्सलची एक दोरी कापली आणि उघडा चाकू तसाच त्याच्या हातात दिला. बाइंडरचा पारा चढला. एवढी वर्षं येतोस, साधी रीत कळत नाही, चाकू असा उघडा देतात का, असं त्याने चांगलंच फैलावर घेतलं.

वायरमन एरवी एकाला दोन ऐकवणारा. तो खाली बघून म्हणाला, "चुकलं, काका."

बाई पार्सलची गाठ निरखू लागल्या. घड्याळजी आधीच पुसलेलं भिंग पुन्हा पुसू लागला. बाइंडरने हातातल्या पात्याकडे पाहिलं. सफरचंदाचे करडे डाग होते, पेरूचे होते. लिंबाचा नव्हता. साध्या पोलादाला लिंबाचा रस लागला की पातं काळंनिळं पडतं, धुऊन जात नाही. शेंबडं पोरही सांगेल. आणि डझनभर लिंबं चिरलेलं ते लख्ख पातं त्याने या तिघांच्या हातात दिलं होतं, आणि एकाने तर ते भिंगातून पाहिलं होतं.

म्हणजे पहिल्याच दिवशी सगळ्यांना कळलं होतं. पाच रविवार झाले, या माणसांनी फळं आणली, खोके बांधून आणले, स्वतःचा नियम मोडला आणि वर त्याची बोलणीही खाल्ली. बाइंडरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण लाजेपेक्षा दुसरंच काहीतरी मोठं होतं. आपली कोणाला इतकी पडली असेल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

त्याने चाकू मिटवला. मिटवायला जोर लागत नाही. मग तो वायरमनपुढे सरकवला.

"मला उघडत नाही," तो म्हणाला. "उघडून दे."

वायरमनने उघडून दिला. बाइंडरने मग वस्तादांचं वाक्य सांगितलं, आणि हेही, की आता चाकू कोणी घ्यायचा ते तुम्हीच ठरवा. घड्याळजी म्हणाला, वेड लागलंय तुला. बाई मात्र जरा विचार करून बोलल्या.

"तुमच्या वस्तादांना उघडून देणारं कोणी नसेल, बाइंडर. तुम्हाला आहे."

बाइंडरने मान हलवली. आभार मानायच्या ऐवजी त्याने पार्सलच्या उरलेल्या दोऱ्या कापल्या. आत तिसऱ्यांदा तोच रिकामा खोका निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने चाकू बायकोपुढे धरला आणि उघडून दे म्हणाला. तिने नख घातलं आणि एका झटक्यात उघडला.

"एवढंच होतं?" ती म्हणाली. "आणि यासाठी तीन महिने दातांनी दोरे तोडलेत?"

त्याने हो म्हटलं आणि लिंबं कुठे आहेत ते विचारलं.

रविवारी चाकू बनातीवर आला. घड्याळजीने उघडला, डोळ्याला भिंग लावलं. पात्यावर टोकापासून मुठीपर्यंत काळानिळा पट्टा उमटला होता. त्याने तो सावकाश पाहिला.

"लिंबू," घड्याळजी म्हणाला.

"डझनभर," बाइंडर म्हणाला.

घड्याळजीने चाकू उघडाच त्याच्या हातात दिला.