मधलीचा धुरकट चेहरा

दिवाणखान्यात मुंगीला शिरायला जागा नव्हती. पांढऱ्या भिंतीवर एकेक फोटो मोठा होऊन उमटत होता आणि दरवेळी गर्दीतून एकच सूर निघत होता, "अगं बाई!"

फोटो या घरच्या मधल्या सुनेच्या सासऱ्यांनी काढलेले. हौशी माणूस! जन्मभर कृष्णधवल फिल्मवर घरच्यांना टिपलं आणि फिल्म घट्ट गुंडाळून डब्यांत ठेवली. ते गेल्यावर या घराचे गुरू उजेडबाबा यांनी त्या निगेटिव्ह मागून घेतल्या आणि स्टुडिओत स्कॅन करवल्या.

सात फोटो होते. सातही फोटोंत कडेची माणसं अशी लख्ख, की शर्टाची बटणं मोजून घ्यावीत. मधोमध उभ्या असलेल्या मधल्या सुनेचा चेहरा मात्र राख फासल्यासारखा.

"यंत्राचं कुणाशी वैर असतं का हो?" बाबा मधात घोळवून बोलले. "हिच्यात छाया आहे. छायेला उजेड सोसत नाही. घरचा कर्ता उगाच गेला नाही!"

मधलीला कळलं, हे कुठून आलं ते. सासऱ्यांच्या छातीत कळा येत असताना बाबा दोन दिवस अंगारा लावत बसले होते. शेवटी तिनेच त्यांना दवाखान्यात नेलं, पण उशीर झाला होता. तेव्हा तिने बाबांना चारचौघांत जाब विचारला होता.

निकाल लागला. एकवीस दिवस माळ्यावरच्या खोलीत राहायचं. लेकीला शिवायचं नाही. निगेटिव्हही तिच्याजवळच ठेवायच्या, कारण म्हणे दोष दोषापाशीच जिरतो. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो फरशी न्याहाळत होता.

बाहेरून कडी लागली. खोलीत सासऱ्यांचं जुनं सामान, एक हातभर खिडकी. ताट दाराच्या फटीतून आत सरकायचं. चार वर्षांची लेक जिन्यात येऊन विचारायची, "आई, तू धुरकट का झालीस?" मग सासूबाई तिला उचलून न्यायच्या. चौथ्या दिवशी मधलीने आरशात स्वतःचा चेहरा बोटांनी चाचपून पाहिला. खरंच असेल का काही? कडीपेक्षा तो विचार वाईट होता.

सामानात सासऱ्यांचं भिंग सापडलं. काहीतरी करायचं म्हणून तिने एक निगेटिव्ह खिडकीपाशी धरली, भिंग लावलं आणि ती जागीच थिजली. काळ्याचं पांढरं झालेलं, पण चेहरा तिचाच. पापणीन् पापणी स्पष्ट! दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. सगळीकडे ती इतरांइतकीच स्वच्छ होती.

म्हणजे फिल्ममध्ये दोष नाही. बिघडलं ते नंतर.

तिने निगेटिव्हची पट्टी टेबलावर ठेवली. पट्टी मधोमध फुगून उभी राहिली.

उरलेले दिवस तिने मोजत काढले. सांगितलं कुणालाच नाही. दाराबाहेर ऐकणारं होतंच कोण?

एकविसाव्या दिवशी छाया उतरली का ते पाहायला पुन्हा गर्दी जमली. स्टुडिओवाला यंत्र घेऊन आला. मधलीला खाली आणलं.

"आधी ही लावा," तिने एक निगेटिव्ह पुढे केली. माळ्यावरच्या सामानात सापडलेली, सासऱ्यांनीच काढलेली, मधोमध उजेडबाबा, भोवती भक्त.

"त्याची काही गरज नाही!" बाबा घाईने म्हणाले.

"यंत्राचं कुणाशी वैर नसतं ना, बाबा?"

फोटो भिंतीवर उमटला. भक्त लख्ख. बाबांच्या जागी दाढीचा एक ढग. कुणीतरी फिसकन हसलं.

"काका, आता पट्टीवर काच ठेवून सपाट करा आणि पुन्हा घ्या."

या वेळी बाबांच्या नाकावरचा तीळसुद्धा दिसला. मग तिचे फोटो तसेच घेतले. सातही फोटोंत ती स्वच्छ उभी होती.

स्टुडिओवाल्याने मान खाली घातली. "फिल्म गुंडाळून राहिली की मध्ये फुगते. यंत्राची नजर एकाच उंचीवर बसवलेली असते, म्हणून फुगलेला भाग धूसर येतो. मी बाबांना म्हटलं होतं, मधले चेहरे बिघडलेत, पुन्हा करून देतो. ते म्हणाले, असू देत. मधे दुसरं कुणी असलेले फोटो त्यांनी बाजूला काढले. मी घाबरलो, गप्प बसलो."

बाबा चपला शोधू लागले. लोकांनी त्यांना दारातच अडवलं.

"मला वाटलंच होतं," नवरा पुटपुटला.

"वाटलं होतं, तर कडी का नाही काढलीत?"

लेक धावत येऊन तिला बिलगली, पण मधलीचे हात तिला जवळ घेताना क्षणभर अडखळले. एकवीस दिवसांची सवय हातांनाही लागली होती.

मग ती गर्दीकडे वळली. "इतकी माणसं होतात तुम्ही. एकालाही निगेटिव्ह उजेडात धरून पाहावीशी वाटली नाही? माझं ऐकू नका, बाबांचंही ऐकू नका. पण कुणाला कोंडण्याआधी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी तपासून बघा. तेवढंच करा."